शिवडा, बाळे आणि पाठीन

गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुट्टीत बेळगावला मुलाकडे गेलो होतो. एका संध्याकाळी सगळे मिळून हॉटेलात जेवायला गेलो. माझ्या सहावीतल्या नातीने मासा मागवला. पांढराशुभ्र, काटा नसलेला, चवीला ना गोड ना खारा असा तो तुकडा होता. ती म्हणाली, "अज्जा, हा बासा. हा कुठल्या नदीतला?" मी म्हणालो, "हा नदीतला नव्हे बाळ, तळ्यातला. ह्याचे मूळ घर थायलंड-व्हिएतनामकडच्या मेकाँग नदीकाठचे. १९९५ च्या सुमारास तो बंगालच्या तळ्यांत आला आणि आता सगळीकडे पाळतात. पण ह्याच्यासारखाच बिनखवल्यांचा, मिशाळ मासा आपल्या दूधगंगेत होता. माझ्या उंचीला लागेल एवढा. त्याला आपण शिवडा म्हणायचो."

तिने लगेच विचारले, "आणि कन्नडमध्ये?"

"बाळे मीन."

"मग खरं नाव कुठलं?"

आमच्या भागात हा प्रश्न साधा नाही, हे वाचकांना सांगायला नको. पाटीवर कुठली अक्षरे वर आणि कुठली खाली, गावाचे नाव कुणी कसे उच्चारायचे, ह्यावरून आमच्या तीन पिढ्यांनी सभा पाहिल्या, मोर्चे पाहिले. नातीची शाळा इंग्रजी, शेजार कन्नड, घर मराठी. तिला उत्तर हवे होते आणि मला ते चटकन देता आले नाही. त्यानंतर वर्षभर जमेल तसे वाचत राहिलो. त्या वाचनातून जे हाती लागले आणि त्याबरोबर जे आठवले, ते इथे मांडतो. त्यातले काही आठवायला नको होते; पण तेही सांगितल्याशिवाय हा हिशेब पुरा होणार नाही.

*

चिकोडी तालुक्यात, दूधगंगा कृष्णेला मिळते त्या येडूरपासून थोड्या वरच्या अंगाला आमचे गाव. गावाखाली नदी वळण घेते आणि वळणाच्या आतल्या कडेला डोह होता. उन्हाळ्यात बाकीची नदी घोट्याएवढी झाली तरी डोहाचा तळ कुणी पाहिलेला नव्हता. पलीकडे जायला नाव होती आणि नाव अंबिगेरमामांची. त्यांच्या घरी कन्नड, आमच्या घरी मराठी. पण माझे वडील त्यांच्याशी अर्धे कन्नड बोलत आणि ते वडिलांशी अर्धे मराठी. पावसाळ्यात नदी पात्र सोडून मळ्यांत शिरली की नाव चालत नसे. मग गुऱ्हाळाची काहिल पाण्यात घालून मामा बाळंतिणींना आणि आजाऱ्यांना पैलतीरी नेत. त्याचे पैसे ते घेत नसत. सुगीला प्रत्येक घरातून जोंधळ्याचे बलुते त्यांना मिळे, तोच हिशेब.

मासेमारी हा त्यांचा दुसरा व्यवसाय. पाग टाकून लहान मासळी रोजच मिळे. ती टोपलीत घालून मामी दारोदार फिरे. पण वर्षातून दोन-चारदा, बहुधा दिवाळी उलटल्यावर पाणी निवळले की, पहाटे आमच्या दारात मामांची हाक येई : "अक्का, बाळी मीन बंदैत्री!" बाळे मासा आलाय हो! आई लगबगीने परात घेऊन बाहेर येई, आणि आज वार कुठला ते आज्जीला विचारी. सोमवार, गुरुवार, शनिवार, एकादशी यांपैकी काही असले की हाक वाया गेली.

लहानपणी मला 'बाळे' म्हणजे केळे एवढेच कन्नड येत होते. बाळेहण्णू म्हणजे केळे, तेव्हा बाळे मीन म्हणजे केळमासा, असे मी शाळेत सर्वांना सांगून ठेवले होते. ते कसे चूक होते, ते पुढे येईलच.

मी दहा-अकरा वर्षांचा असताना, म्हणजे १९६४ च्या आसपास, मामांनी मला रात्रीच्या गळाला बरोबर नेले. अंबाडीच्या सुतळीला पीळ देऊन केलेली करंगळीएवढी जाड दोरी, लोहाराकडून घडवून घेतलेला गळ आणि गळाला जिवंत बेडकी. दोरीचे दुसरे टोक काठावरच्या करंजाच्या मुळीला बांधलेले आणि त्याच्या जरा पुढे बैलाच्या गळ्यातले एक घुंगरू. शिवडा दिवसा कपारीत पडून असतो आणि रात्री शिकारीला निघतो. डोळे बारीक, पण जबडा असा की डोळ्यांच्याही मागे फाकतो. दोन लांब मिशा, दोन आखूड. त्या मिशांनीच तो अंधारात भक्ष्य चाचपतो. जबड्यात कंगव्यासारख्या दातांच्या ओळी. इंग्रज शिकाऱ्यांनी त्याला गोड्या पाण्यातला शार्क म्हटले आहे, ते उगीच नाही.

मध्यरात्र उलटून गेल्यावर घुंगरू वाजले. मी दोरी ओढायला धावलो तर मामांनी मनगट धरले. "सैल सोड. जाऊ दे त्याला. दमला की तोच येतोय." दोरी पाण्यात सरसरत गेली, थांबली, पुन्हा गेली. बराच वेळ हा खेळ चालला. शेवटी कडेच्या उथळात एक लांबलचक रुपेरी अंग आडवे झाले. मामांनी त्याच्या डोक्यावर सोट्याचा एकच घाव घातला आणि मला म्हणाले, "तोंडात बोट घालू नको. मेला तरी चावतोय." सकाळी गुळाच्या काट्यावर तो नऊ किलो भरला. लांबीला अडीच हात.

*

आता खाण्याचे सांगतो. घरात देव्हारा, म्हणून मासे-मटण आमच्या स्वयंपाकघरात शिजत नसे. गोठ्याच्या पडवीत तीन दगडांची चूल आणि त्यासाठीची वेगळी भांडी. शिवड्याला खवले नसतात, पण अंगावर बुळबुळीत चिकटा असतो. तो काढण्यासाठी चुलीतली राख चोळून, मग मीठ आणि चिंचेचे पाणी लावून तीनदा धुवायचे. इथे हयगय झाली की सगळ्या रश्श्याला चिखलाचा वास. तुकडे दोन बोटे जाडीचे. त्याला मधला कणा सोडला तर बारीक काटे फार कमी, म्हणून म्हातारी माणसे आणि लहान मुले यांच्या ताटात तो निर्धास्त वाढता येई. पोटाकडचा भाग तेलकट. तो तव्यावर जोंधळ्याच्या पिठात घोळवून, स्वतःच्याच चरबीत तळला जाई. बाकीच्याचा रस्सा : भाजलेला कांदा, सुके खोबरे, वर्षाची कांदा-लसूण चटणी आणि चिंचेचा कोळ. बरोबर जोंधळ्याची भाकरी. कोकणातून आंबोलीच्या घाटाने येणाऱ्या खाऱ्या मासळीचे कौतुक आम्हांलाही होते, पण आज्जी म्हणायची, "गोडी मासळी ती गोडीच."

वाटणीचा एक नियम होता. मोठ्या माशाचे डोके विकायचे नाही, ते नाववाल्याचे. धड गावाचे, डोके मामांचे. त्या डोक्याचे पातळ कालवण मामी करीत आणि एक वाटी आमच्याकडे येई. हा नियम कुणी घातला ते ठाऊक नाही. पण आमच्या गावात तो मोडलेला मी एकदाच पाहिला.

*

हे सगळे आमच्या गावचे, फार तर शे-दीडशे वर्षांचे, असे मी समजत होतो. तर हाताशी आला 'मानसोल्लास'. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, ज्याला भूलोकमल्ल म्हणत, त्याने ११२९ च्या सुमारास हा संस्कृत ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजचे बीदर जिल्ह्यातले बसवकल्याण. आपल्यासारखाच दुभाषी मुलूख. पाच विंशती आणि शंभर अध्याय असलेला हा ग्रंथ मराठी माणसाला दोन कारणांनी ओळखीचा असतो. महाराष्ट्रातल्या बायका कांडण करताना ओवी गातात, हा उल्लेख त्यात आहे. आणि गाण्यांच्या प्रकरणात जुन्या मराठीचे काही चरण आहेत. म्हणजे कन्नड मुलखाच्या राजाने संस्कृतात लिहिलेल्या पोथीत मराठी जपली गेली. ती पोथी छापली गेली बडोद्याला, गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत, संपादक श्रीगोंदेकर. पहिला खंड १९२५ चा, दुसरा १९३९ चा, तिसरा १९६१ चा.

ह्या ग्रंथाच्या विनोद-विंशतीत 'मत्स्यविनोद' नावाचे प्रकरण आहे. विनोद म्हणजे इथे करमणूक. राजाने गळाने मासे कसे धरावेत, ह्याची त्यात बैठकीनिशी माहिती आहे. कुठल्या वनस्पतीच्या धाग्याची दोरी वळावी, काठी कशी असावी, मासा जमावा म्हणून एका जागी आधी काही दिवस खाद्य कसे टाकत राहावे, मांस खाणाऱ्या माशाला आमिष कोणते आणि पीठ खाणाऱ्याला कोणते, मासा लागला की दोरी कशी सैल सोडावी आणि कशी आवरावी, हे सारे. माशांच्या जाती नावानिशी दिल्या आहेत आणि कोणता समुद्रातला, कोणता नदीतला, कोणाला खवले आहेत, कोणाला नाहीत, असे वर्ग पाडले आहेत. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली ह्या प्रकरणावर निबंध लिहून ती नावे आजच्या जातींशी जुळवून पाहिली. त्या नावांत 'पाठीन' आहे. आणि पाठीन म्हणजे आपला शिवडा.

वाचताना मला मामांचा हात मनगटावर जाणवला. "सैल सोड." राजाच्या पदरी असलेल्या कुणा कोळ्याने, भोयाने, अंबिगाने ही विद्या सांगितल्याशिवाय राजाला ती कुठून येणार? त्याच कल्याणीत सोमेश्वरानंतर थोड्याच वर्षांत बसवेश्वरांभोवती शरण जमले आणि त्यांत अंबिगर चौडय्या नावाचा नावाडी होता, ज्याची वचने आजही कन्नड घरांत म्हटली जातात. नावाड्याला शब्द नव्हते असे नव्हे. पण मासे धरण्याची विद्या राजाच्या नावावर लागली, एवढे खरे.

सोमेश्वराने खाण्याचेही लिहिले आहे. माशाचे तुकडे करून धुवावेत, चिंचेच्या कोळाचा संस्कार करावा, गव्हाच्या पिठात घोळवून तेलात लालसर तळावेत, मग सैंधव, वेलदोडा आणि मिऱ्याची पूड. मिरची अर्थातच नाही. ती पोर्तुगिजांबरोबर येण्याला अजून चारशे वर्षे अवकाश होता. चटणी काढून टाकली, जोंधळ्याच्या जागी गहू धरला, तर आईच्या तव्यावरचा आणि भूलोकमल्लाच्या मुदपाकखान्यातला तुकडा यांत फारसे अंतर नाही.

*

पाठीन हा शब्द सोमेश्वराच्याही फार आधीचा. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात मासे खाण्याविषयी कडक बोलून झाल्यावर देव-पितरांच्या कार्याला चालतील असे जे मासे सांगितले आहेत, त्यांत पहिली दोन नावे पाठीन आणि रोहित यांची. तुलसीदासांच्या रामचरितमानसात निषादराज गुह भरताच्या भेटीला निघतो तेव्हा कहार कावडी भरून जे मासे आणतात त्यांतही पाठीन आहे. संस्कृतातला 'ठ' हिंदीत 'ढ' होतो, जसे पठन आणि पढना. तसाच पाठीनाचा 'पढिन' झाला. इंदूरकडचे आमचे एक नातेवाईक नर्मदेतल्या ह्या माशाला पढिनच म्हणत.

आता 'बाळे'. तमिळमध्ये केळीला एक शब्द आणि ह्या माशाला दुसरा. दोन्ही ऐकायला जवळचे, पण त्यांतला 'ळ' वेगळा. कन्नडमध्ये दोन्ही 'ळ' एक झाले आणि आरंभीच्या 'व'चा 'ब' झाला, म्हणून केळेही बाळे आणि मासाही बाळे. माझा शाळेतला केळमासा असा कोसळला! तेलुगूत त्यालाच वालुग म्हणतात. पॅट्रिक रसेल नावाच्या स्कॉटिश वैद्याने विशाखापट्टणच्या दोनशे माशांचे पुस्तक १८०३ साली छापले, त्यात हे तेलुगू नाव नोंदले. त्याआधी १८०१ साली ब्लॉख आणि श्नायडर यांनी तमिळमधल्या 'नदीतला' ह्या अर्थाच्या शब्दावरून त्याला 'अट्टू' म्हटले होते. पुढे डच शास्त्रज्ञ ब्लीकरने १८५१ मध्ये तेलुगू शब्दावरून कुळाचे नाव घडवले आणि शास्त्रात हा मासा 'वलागो अट्टू' झाला. जगभरच्या संग्रहालयांत लॅटिन म्हणून जी पाटी लागते ती अर्धी तेलुगू आणि अर्धी तमिळ आहे.

मग मराठीने काय दिले? शिवड्याला नाही, पण त्याच्या भाऊबंदांना दिले. कर्नल विल्यम हेन्री साइक्स हा कंपनी सरकारचा अधिकारी १८२४ पासून काही वर्षे दख्खनची आकडेवारी गोळा करीत फिरला. जमीन, पीक, पाऊस मोजता मोजता त्याने पक्षी आणि मासेही नोंदले. पुण्याच्या मुळा-मुठेत आणि भीमेच्या खोऱ्यात कोळी-भोई जे मासे आणून देत, त्यांचे वर्णन त्याने १८३९ साली प्रसिद्ध केले. त्यात बऱ्याच जाती शास्त्राला नव्या होत्या आणि नाव ठेवताना साइक्सने पुष्कळदा माणसे म्हणत तेच नाव लॅटिन पोशाख चढवून ठेवले. सिंघाळा, म्हणजे आपला शिंगाळा, आजही शास्त्रात 'स्पेराटा सीनघाला' आहे. 'गोग्रा' नावाचा त्याचा मासा हा घोगरा. ह्या शिंगाळ्याच्या जातकुळीतले काही मासे पाण्याबाहेर काढले की काटे घासून घुरघुर करतात. नाव पाडणाऱ्या भोयाने कान देऊन ऐकले असणार. 'सींगटी' ही शिंगटी. सगळेच मात्र असे नाही. खडकाळ ओढीच्या पाण्यात राहणाऱ्या, खरखरीत कातडीच्या एका थोरल्या माशाला त्याने यॅरेल ह्या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाचे नाव दिले आणि एका देखण्या रुपेरी माशाला ब्रिटिश म्युझियममधल्या चिल्ड्रेन साहेबाचे.

हा कर्नल पुढे कंपनीचा संचालक आणि अध्यक्ष झाला. त्याच्या राजवटीविषयी मला काही प्रेम नाही. पण नदीकाठच्या अडाणी समजलेल्या माणसाला त्याने "ह्याला काय म्हणता?" असे विचारले आणि मिळालेले उत्तर लिहून घेतले, एवढे मान्य करायला हवे. आपण सुशिक्षित मराठी माणसांनी ते किती वेळा विचारले?

*

इथवर लिहिताना हात चालत होता. आता जे लिहायचे आहे त्याला पन्नास वर्षे मी टाळले.

१९७२ चा दुष्काळ आमच्याकडेही पडला. दूधगंगेवर तेव्हा वर मोठे धरण नव्हते. १९७३ च्या उन्हाळ्यात नदीची ओळ तुटली आणि फक्त डोह उरले. वरच्या-खालच्या तीन-चार मैलांतला सगळा मोठा मासा आमच्या डोहात येऊन राहिला होता. मी तेव्हा विशीतला. कॉलेज करून घरी बसलेला. गावात जागोजाग विहिरी खोल करण्याचे काम चालू होते आणि सुरुंगाचे जिलेटिन कुणाच्याही गोठ्यात सापडे. आम्ही पाच-सहा पोरांनी ठरवले. लोक उपाशी आहेत, मासा आयता कोंडला आहे, पाणी आटून तो मरणारच आहे, हा आमचा युक्तिवाद. पाण्यात स्फोटक किंवा विष घालून मासे मारणे १८९७ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे आम्हांला माहीत नव्हते. माहीत असते तरी थांबलो असतो असे नाही.

आदल्या संध्याकाळी मामांना कुणकुण लागली. ते आमच्या ओट्यावर आले. वडिलांशी नव्हे, माझ्याशी बोलले. म्हणाले, "हे बी हाय. बियाणं कुणी खातंय का?" मी हसून म्हणालो, "मामा, पाऊस आला की नदी पुन्हा भरेल."

सकाळी दोन बार उडवले. पाणी पांढरे उसळले, मग गढूळ झाले आणि थोड्या वेळाने पोटे वर करून मासे तरंगू लागले. टोपल्या, पाट्या, धोतरे, जे मिळेल त्यात गावाने भरून नेले. मोठे शिवडे अकरा निघाले. त्यांतला एक माझ्या खांद्याला लागत होता. किती लहान मासळी तळाशी बसून कुजली त्याची गणती नाही. आठवडाभर डोहाला दुर्गंधी होती.

रीतीप्रमाणे त्या सर्वांत मोठ्याचे डोके मी स्वतः पाटीत घालून मामांच्या झोपडीवर नेले. मामा जाळे विणत बसले होते. त्यांनी पाटीकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "बेडा." नको. रागाने नाही, शांतपणे. माझ्याशी ते नेहमी मराठीच बोलत. त्या दिवशी नाही बोलले. मी डोके परत आणले आणि गोठ्यामागे पुरले. त्यानंतर मामा आमच्या दारी माशाची हाक देत आले नाहीत. देण्यासारखा मोठा मासाही मग निघाला नाही. पाच-सहा वर्षांनी ते वारले, तेव्हा मी नोकरीनिमित्त बाहेर होतो.

*

शिवडा नाहीसा का होत चालला ह्याची कारणे सांगताना लोक धरणांचे नाव आधी घेतात, आणि ते खोटे नाही. हा मासा पावसाच्या आरंभी, नवे पाणी आले की, पुराने भरलेल्या उथळ जागी अंडी घालतो. कृष्णेच्या खोऱ्यात कोल्हापूर पद्धतीचे बंधारे जागोजाग आहेत. मोठ्या नद्यांवर कोयना, हिडकल, आलमट्टी आहेत. पाणी अडले की माशाची वाट अडते. साखर कारखान्यांची मळी आणि शहरांचे सांडपाणी नदीत आल्याने मासे मरून काठाला लागल्याच्या बातम्या गेल्या काही वर्षांत कृष्णा-पंचगंगेकाठी वारंवार आल्या. वाळू उपसून तळ खरवडला गेला. आफ्रिकेतला मांगूर लोकांनी तळ्यांत आणला, तो पुरात नद्यांत शिरला. २००० साली सरकारने त्याच्या पैदाशीवर बंदी घातली, तरी तो चोरून पाळला जातोच. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत आज शिवडा 'असुरक्षित' ह्या वर्गात आहे आणि चिल्ड्रेन साहेबाच्या नावाचा तो दख्खनी मासा त्याहून पुढच्या, 'संकटग्रस्त' वर्गात.

पण ह्या यादीत आपले स्वतःचे नावही असायला हवे. मृगाच्या पावसात ओढ्यांतून वर येणारे चढणीचे मासे आपण पिढ्यान् पिढ्या धरले. गाबोळीने भरलेली पोटे पाहून "यंदा मासा भरलेला आहे" म्हणून खूश झालो. आज्जीचे वार आणि श्रावण यांनी निदान महिनाभर तरी हात आवरला जाई. पण श्रावण येईपर्यंत अंडी घालायला निघालेला मासा आपण आषाढातच खाऊन संपवलेला असे. मामांनी मात्र ज्येष्ठ-आषाढात मोठ्या माशाला कधी गळ लावला नाही. त्यांची हाक दिवाळीनंतरच येई. तेव्हा मला वाटायचे, पाणी निवळावे म्हणून ते थांबतात. आता वाटते, कारण ते एकच नसावे.

१९८० नंतर दूधगंगेवर धरण झाले, नदी आटायची थांबली, गावावरून पूल आला आणि नाव गेली. २०१९ च्या महापुरात डोहाची जागाच गाळाने भरली. मामांचा नातू आता आठवड्याच्या बाजारात मासे विकतो. बर्फातला पंगस, कटला, रोहू. सगळे तळ्यातले, बरेचसे आंध्रातून आलेले. लेख लिहिण्याआधी मी मुद्दाम त्याच्याकडे गेलो. त्या उन्हाळ्यातली सगळी हकिगत त्याला सांगितली. तो माझ्याशी अस्खलित मराठीत बोलत होता. ऐकून घेऊन म्हणाला, "अज्जांनी आम्हांला हे कधीच सांगितलं नाही." मग थोडे थांबून म्हणाला, "दोन वर्षांमागं पुराच्या पाण्यात एक सापडला होता. वीतभर. नाव काय त्याचं ते मला ठाऊक नव्हतं, म्हणून मोबाइलवर फोटो काढला आणि सोडून दिला." फोटो दाखवला. लांब दोन मिशा, फाकलेला जबडा. शिवड्याचे पिल्लू होते ते.

मी त्याला म्हणालो, "तुझे अज्जा ह्याला बाळे म्हणत."

"आणि तुम्ही?"

"शिवडा."

त्याने दोन्ही नावे मोबाइलमध्ये लिहून घेतली.

नातीला उत्तर द्यायचे राहिलेच होते. तिला पत्रात एवढेच लिहिले : खरे नाव एक नाही. पोथीत पाठीन, नर्मदेवर पढिन, आंध्रात वालुग, मामांच्या घरी बाळे, आपल्या घरी शिवडा. आणि शास्त्राने जे घेतले ते आपल्या शेजाऱ्यांकडून घेतलेले. नावे कुणाचीही असोत, त्यांच्या मागे मासा असला पाहिजे. तो आपण सगळ्यांनी मिळून खाल्ला, आणि त्यात तुझा अज्जाही होता.

जाता जाता वाचकांना एक विनंती. हा अंक भीमेकाठी जातो, मांजरेकाठी जातो, तुंगभद्रेकडे आणि नर्मदेकडेही जातो. तुमच्या घरात, तुमच्या गावच्या भोई-अंबिगांच्या तोंडी ह्या माशाला काय म्हणत, ते संपादकांच्या पत्त्यावर जरूर कळवा. नाव कन्नड, तेलुगू, हिंदी, कुठलेही चालेल. आणि अलीकडे कुणाला तो दिसला असेल, तर कुठे आणि केव्हा, तेही लिहा. नेमका डोह मात्र अंकात छापू नका, असे मी संपादकांना सांगून ठेवले आहे.